एडी मन्स्टर: राक्षसांच्या घरातलं पोर

१९६४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत सीबीएसवर ‘द मन्स्टर्स’ सुरू झाली. बाप हर्मन फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसासारखा, आजोबा ड्रॅक्युला, आणि बुच पॅट्रिकने रंगवलेला एडी, टोकदार कानांचा, लांडग्याच्या वळणाचा. पण दुखणं मात्र कुठल्याही पोराचं. एका भागात शाळेतली मुलं त्याला ‘बुटक्या’ म्हणतात. उंचीसाठी तो आजोबांचं औषध पितो, तर दाढीच उगवते! तेव्हा हर्मन समजावतो, माणूस दिसण्यावरून नाही, स्वभावावरून ओळखावा. वंशभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा १९६४ च्याच जुलैतला, म्हणजे हे बोलणं नुसतं विनोदापुरतं नव्हतं. ७० भागांनंतर १९६६ मध्ये मालिका संपली. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये तोच प्रसंग लोकांनी पुन्हा एकमेकांना पाठवला.