डायरी, कॅलेंडर आणि पुतणीची वेबसाइट

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एका महामंडळात गेल्या. १८७४ पासूनची मुंबईची ‘ओरिएंटल’सुद्धा. १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली आणि एजंटांची पंचाईत झाली. गावात दहा एजंट, दहांकडे तीच पॉलिसी, तोच दर. मग लोकांनी माझ्याकडेच का यावं?

दर पाडायची सोय नव्हती. कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला द्यायला १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ मनाई करतं. अर्थात, विकास अधिकारी म्हणून मी काही डोळे मिटून नोकरी केली नाही. पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन सुटे, आणि “पहिला हप्ता तुम्हीच भरा की” म्हणणारे गुरुजी नि तलाठी मी पुष्कळ पाहिले. दंड होता ५०० रुपयांपर्यंत! २०१५ च्या दुरुस्तीने तो १० लाखांपर्यंत नेला.

राहता राहिला एजंट स्वतः. म्हणून जानेवारीत डायऱ्या नि कॅलेंडरं वाटायची, त्यांवर रबरी शिक्का : नाव, कोड नंबर, ‘पोस्टासमोर’. कॅलेंडर स्वयंपाकघरात लागे, त्यावर दुधाचे खाडे मांडले जात आणि शिक्का वर्षभर नजरेसमोर राही. पिशवीत रेटबुक आणि प्रपोजल फॉर्म. शाळेचा दाखला नसला तर वयाला जन्मपत्रिकाही चाले. योजनेचं नाव आमच्यात कुणी घेत नसे. ‘पंच्याहत्तर-वीस’ म्हटलं की वीस वर्षांची मनी बॅक.

पुतणीने यंदा परीक्षा देऊन खासगी कंपनीची एजन्सी घेतली. वेबसाइट करणाऱ्या मुलाने पहिल्याच पानावर टाकलं : ‘सर्वांत स्वस्त विमा! पहिल्या हप्त्यावर खास सवलत!’ म्हटलं, अरे, कलम ४१ चा गुन्हा चौकट करून छापलास की! शिवाय २००० च्या नियमांपासून एजंटाच्या जाहिरातीला कंपनीची लेखी मंजुरी लागते, आणि वेबसाइट ही जाहिरातच.

“काका, मग लिहू तरी काय?”

दरांचे तक्ते काढ, म्हणालो. ते कंपनीच्या साइटवर आहेतच. एक पान नुसतं क्लेमचं ठेव. माणूस गेल्यावर घरच्यांनी काय जमवायचं : मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र, पासबुक. प्रपोजलमध्ये मधुमेह लपवला तर पहिली तीन वर्षं कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकते, हेही स्पष्ट लिही. असलं पान धंदा पळवून लावील, असं त्या मुलाचं मत. माझ्या हाताखालचे जे एजंट तेराव्यानंतर क्लेम फॉर्म घेऊन स्वतः घरी गेले, त्यांच्याकडे त्या घरातल्या मुलांच्याही पॉलिसी आल्या.

आता वाद फोटोवर अडलाय. त्याला कुठलंसं हसरं, परकं कुटुंब हवंय; तिला स्वतःचा फोटो. मी तिच्या बाजूने.