महादेवाला जाताना : नागपूर, पचमढी आणि नागद्वारची वाट

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी सुचवलं, की आता पचमढीची एक अभ्याससहल काढावी, नागद्वारची गुहा बघावी. फक्त यात्रेचे दिवस टाळून, हिवाळ्यात, निवांतपणे. सूचना आवडली. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बेत आखायला बसलो, आणि तो बेत जमेना. का जमेना, ते सांगण्यात आजचा वेळ जाणार आहे.

आधी वाट बघू. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं करत पचमढी सुमारे अडीचशे किलोमीटर. रेल्वेने जायचं तर पिपरियाला उतरायचं. गावात आणि आसपास पांडव गुंफा, जटाशंकर, मोठा महादेव, गुप्त महादेव ही ठिकाणं आहेत. तिथे हिवाळ्यात खुशाल जाता येतं. नागद्वारचं तसं नाही. ती गुहा धूपगडापलीकडच्या दऱ्यांमध्ये, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. नागपंचमीच्या आधीचे सुमारे दहा दिवस ती वाट उघडते आणि पुन्हा बंद होते. आता गंमत बघा. 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं. नेमक्या त्याच काळात, भर पावसात, हजारो माणसं ही वाट चालतात. त्यांतली बरीचशी आपल्या विदर्भातली.

म्हणजे पर्यटकाला मनाई आणि यात्रेकरूला मुभा. हा अन्याय आहे का? उत्तरासाठी थोडं मागे जायला हवं.

नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांची सत्ता खिळखिळी झाली. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असताना, मे 1818 मध्ये, ते वाटेतच पहाऱ्यातून निसटले. गेले कुठे? महादेवाच्या डोंगरात. गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. 1819 च्या सुरुवातीला ते असीरगडाकडे गेले, आणि पुढे भटकत भटकत 1840 साली दूर जोधपुरात वारले. राज्य गेलेल्या राजाला या डोंगरांनी काही महिने लपवलं, याचा अर्थ इथल्या वाटा आणि कपारी जाणणारी माणसं इथे राहत होती. डोंगर ओसाड नव्हता.

पण पर्यटनाच्या माहितीपत्रकात काय छापलेलं असतं? पचमढी 1862 साली कॅप्टन जेम्स फॉर्साइथ यांनी शोधली! फॉर्साइथ तिथे गेले, त्यांनी बायसन लॉज बांधलं, 1871 साली त्यांचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक निघालं, हे सगळं खरं. पण जिथे कोरकू आणि गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहतात, जिथल्या कपारींत प्राचीन माणसांनी चित्रं काढून ठेवलीत, ती जागा 'शोधली' कशी म्हणायची? इंग्रजांच्या नकाशावर ती तेव्हा आली, एवढंच. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी ठरलं, आणि पुढे पचमढी साहेबांची उन्हाळी राजधानी झाली. उन्हाळ्यात फायली डोंगर चढायच्या, पावसाळ्यात खाली यायच्या.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. मध्ये सीमा आली. पण माणसांनी चालायचं थांबवलं नाही. आजही आपल्याकडे कोणी 'पचमढीला चाललो' म्हटलं, तर तो हवा खायला निघालाय असं समजायचं. यात्रेला निघालेला माणूस म्हणतो, 'महादेवाले चाललो.' गाव एकच, प्रवास दोन.

1981 साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं. आता त्या गुहेवर तिसरा हक्क आला, जंगलाचा. आणि या हक्काची किंमत कोणी मोजली, हे सहसा सांगितलं जात नाही. या व्याघ्र प्रकल्पातली कितीतरी गावं उठवून बाहेर वसवण्यात आली. ज्यांचं घरच तिथे होतं, ती माणसं जंगलासाठी बाहेर पडली.

कोणी म्हणेल, अमेरिकेत बघा. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कार्ल्सबॅडची प्रचंड गुहा आहे. 1930 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. आधी वेळ आरक्षित करा, तिकीट घ्या, चालत उतरा नाहीतर लिफ्टने जा. नियम सगळ्यांना एकच. आपल्याकडे असं का नाही? कारण तिथे आत जाण्याचा हक्क तिकिटातून येतो. इथे तो वहिवाटीतून आला आहे, आणि वहिवाटीला तिथी असते. राष्ट्रीय उद्यानाच्या आधीपासून लोक चालत होते, म्हणून कायद्याने दहा दिवस बाजूला ठेवले. अपवाद लहान आहे, म्हणून टिकला आहे. 'आम्ही अभ्यासक, आम्हाला जानेवारीत सोडा' असं आपण म्हणू, उद्या छायाचित्रकार म्हणतील, परवा कोणी चित्रपटवाले. प्रत्येकाचं कारण चांगलंच असेल. मग नियम उरेल कशाला?

आणि यात्रेकरूंनाही एक गोष्ट सांगायला हवी. वहिवाट म्हणजे चालत जाण्याचा हक्क, मालकी नव्हे. पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळी दरीत टाकणं कुठल्याही वहिवाटीत बसत नाही.

तेव्हा बेत असा. हिवाळ्यात दोन मुक्कामांची पचमढी : पांडव गुंफा, जटाशंकर, मोठा महादेव. पांडव गुंफा बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. त्यावर तिथेच, गुंफेच्या सावलीत बसून बोलू. ज्यांना नागद्वार बघायचंच आहे, त्यांनी यात्रेच्या दिवसांत जावं : पायी, गर्दीत, भिजत, आणि नेलेलं प्लास्टिक परत आणावं. निसरड्या वाटा आहेत, लोखंडी शिड्या आहेत. गुडघे धड असतील तरच निघा. आमचे आता धड नाहीत. त्यामुळे नागद्वार आमच्या यादीतून आम्हीच खोडलं आहे. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. हिवाळ्याच्या सहलीची नावं मात्र आजच देऊन जा.