श्रोत्याचा कौल



भारतातील नभोवाणीचा इतिहास आजवर बहुधा बोलणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले, अमुक केंद्र अमुक साली निघाले, अशा सनावळ्यांनी त्याची पाने भरली आहेत. परंतु ऐकणाऱ्याचे काय? निवेदक त्याला कसा वाटला, पाहुणा म्हणून आलेला तज्ज्ञ त्याला पटला की नाही, आणि हे त्याने कोणाला, कोणत्या मार्गाने कळविले? श्रोत्याने आपला कौल देण्याच्या तीन रीती मला या इतिहासात दिसतात. एक काट्याची, दुसरी पत्राची आणि तिसरी बैठकीची.

काट्याचा कौल सर्वांत सोपा. आवडले नाही की काटा फिरवावा. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. लोकांची अभिरुची घडविणे हे शासकीय नभोवाणीचे कर्तव्य, असे ते मानीत. चित्रपटगीतांवर मर्यादा आली, निर्मात्यांशीही बिनसले आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही की निवेदन दिले नाही. त्यांनी काटा रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून शासनाला त्या मुक्या कौलाची दखल घ्यावी लागली.

पत्राचा कौल अधिक बोलका. डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आल्याची आठवण निवेदक अमीन सयानी सांगत असत. गीतांची क्रमवारी ठरविताना तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांचे मतही विचारात घेतले जाई. मराठीतही निवेदकाविषयी आपलेपणा असाच जुळला. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत ही घराघरांतील माणसे होऊन बसली. तरीही पत्राला एक मर्यादा होती. पत्राने पसंती कळे, फर्माईश कळे. पण बोलणाऱ्याला अडवून ‘हे कसे काय?’ असे विचारता येत नसे. शिवाय पत्रासाठी अक्षरओळख हवी, आणि त्या काळी ती फार थोड्यांपाशी होती.

तिसरी रीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचा मान मराठी मुलखाकडे जातो. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने, कॅनडातील शेतकरी मंडळांच्या धर्तीवर एक प्रयोग केला. मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत श्रोता मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम झाले. सुमारे वीस गावकरी एकत्र बसून ते ऐकत, नंतर त्यांवर चर्चा करीत. निमंत्रक चर्चेचा सारांश आणि उपस्थित झालेले प्रश्न पुण्याला पाठवी, आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्याचे सूत्र होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने प्रा. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली खेडी, रेडिओ असूनही मंडळ नसलेली खेडी आणि रेडिओच नसलेली खेडी अशी तुलना त्यांनी केली. मंडळांच्या खेड्यांत ज्ञानाची वाढ लक्षणीय आढळली. नुसता रेडिओ असून भागत नाही, त्यावर चार माणसांत बोलणे व्हावे लागते, हा त्याचा मथितार्थ. याचे मर्म असे की, येथे तज्ज्ञ उत्तराला बांधला गेला. खताविषयी बोलणाऱ्या पाहुण्याला, खत घालणाऱ्याचा प्रश्न ऐकावा लागला. लिहिता न येणारा शेतकरीही बैठकीत तोंड उघडू शकत होता. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढली, पण पुण्याच्या प्रयोगातील जोम पुढे टिकला नाही.

आता आपल्या बेळगावकडे वळतो. तो प्रयोग चालू असताना आपला जिल्हा मुंबई राज्यातच होता. परंतु निवडलेल्या पाच जिल्ह्यांत तो नव्हता, शेजारचा कोल्हापूर होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो. ध्वनिलहरींना मात्र सीमा ठाऊक नव्हती. पुणे-मुंबई ऐकू येतच होते, १९६३ पासून सांगली केंद्राची भर पडली, आणि १९५० पासूनचे धारवाड तर जवळचेच. सीमाभागातील मराठी श्रोत्याची स्थिती त्यामुळे विलक्षण झाली. सांगलीहून पीककर्जाची किंवा एखाद्या नव्या कायद्याची माहिती त्याच्या मायबोलीत त्याच्या घरी येई. पण ती योजना त्याच्या तालुक्याच्या कचेरीत लागू नसे. लागू असलेल्या योजनेची माहिती धारवाडहून कन्नडमध्ये येई. भाषा एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे. ‘श्रोतेहो’ म्हणून बोलणाऱ्या निवेदकाच्या नजरेसमोर हा श्रोता नव्हताच. तरी तो ऐकत राहिला, कारण त्याला त्या आवाजात माहितीपेक्षा भाषा हवी होती. पाहुण्याचे मराठी कसे, आपल्या बोलीपासून ते किती दूर, हा त्याच्या ओसरीवरचा कौल होता. हा कौल कोणी विचारला नाही, म्हणून तो कोठे नोंदलाही गेला नाही.

आज श्रोत्याचा दूरध्वनी थेट ध्वनिक्षेपित होतो. त्याला बोलता येते, ही प्रगतीच आहे. पण त्याला किती क्षण द्यावयाचे हे निवेदक ठरवितो, आणि बहुधा शुभेच्छा व फर्माईश यांतच ते क्षण संपतात. प्रश्न विचारणारा आणि उत्तर मिळेपर्यंत वाट पाहणारा श्रोता १९५६ च्या त्या खेड्यांत होता. त्याची आठवण म्हणून अधिक मोलाची.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या घरांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे अजून आहेत. कोणते केंद्र लागत असे, कोणत्या वक्त्याचे म्हणणे पटले, कोणाचे हसू आले आणि का, हे त्यांना विचारा आणि वहीत उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. बोलणाऱ्यांची दप्तरे शासनाने सांभाळली. ऐकणाऱ्यांचे दप्तर आपणच सांभाळावयाचे आहे, आणि त्याला आता फार उशीर परवडणार नाही.