राजाबाई टॉवरवरची माणसं

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे फोटो काढायला लोक ओव्हल मैदानात येतात ते ऊन सोनेरी झालं की. मी डिसेंबरात भर दुपारी जातो. टॉवरची दर्शनी बाजू पश्चिमेला. बारा वाजून गेले, सूर्य दक्षिणेकडून जरासा कलला, की ऊन भिंतीला घासून जातं आणि कोरीवकामातली प्रत्येक खाच काळी होऊन उठते. संध्याकाळचं ऊन समोरून येतं. चित्र देखणं, पण नक्षी सपाट. माझा जन्म नकाशे काढण्यात गेला, त्यामुळे आधी सावली कुठे पडते ते बघायची खोड आहे.

लांब पल्ल्याची लेन्स लावली की कोनाड्यांतली माणसं दिसू लागतात. पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे २४ पुतळे या टॉवरवर आहेत. खालून जाणाऱ्याला तो नुसता खडबडीतपणा वाटतो. इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. कमानी, मनोरे, गोल जिना हे सगळं कागदावरून येऊ शकतं. पण इथल्या माणसाचं पागोटं डोक्यावर कसं बसतं, हे लंडनहून कोण सांगणार? या पुतळ्यांचे नमुने केले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते या कामावरचे असिस्टंट इंजिनियर. पदाला इंजिनियर आणि हात शिल्पकाराचा, असा माणूस मी नकाशे काढत होतो त्या खात्यात मला तरी भेटला नाही.

नमुन्यावरून प्रत्यक्ष दगड घडवला तो पाथरवटांनी. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. बांधकाम मुख्यतः कुर्ल्याच्या दगडाचं, पण कोरीव कामाला पोरबंदरचा दगड घेतला, कारण तो मऊ, टाकीखाली मुकाट्याने वळतो. नकाशा काढणारा खांबाच्या माथ्यावर पालवी दाखवताना चार वळसे काढतो आणि मोकळा होतो. पान कुठे दुमडायचं, देठ किती वर उचलायचा, हे ठरतं टाकी धरलेल्या हातात. झूम करून शेजारशेजारचे दोन माथे बघा, हात वेगळे आहेत हे कळतं.

गंमत अशी, की जुनं कोरीवकाम फोटोत धरून ठेवायची हौस त्या काळच्या मुंबईला चांगलीच होती. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजी, म्हणजे भाऊ दाजींचे बंधू, तिच्यातले जाणते फोटोग्राफर. पुढच्याच वर्षी तोफखान्यातले बिग्ज सरकारी कामावर विजापूर-बदामीकडे कॅमेरा घेऊन निघाले. त्यांच्या अहमदाबादच्या फोटोंचा जाडजूड ग्रंथ १८६६ मध्ये निघाला, त्यातल्या वास्तुकलेवर इतिहासकार फर्ग्युसनने लिहिलं, आणि त्याला आश्रय दिला प्रेमचंद रायचंद यांनी. हेच प्रेमचंद, ज्यांनी आईच्या नावाने हा टॉवर बांधायला दोन लाख रुपये दिले होते! अहमदाबादच्या मशिदींच्या जाळ्या टिपायला पैसा त्यांचा, आणि १८६९ ते १८७८ या काळात पाथरवट इथे जे कोरत बसले त्यालाही पैसा त्यांचाच. मात्र त्या दशकांतल्या फोटोंत टॉवर दिसतो तो अख्खा, मैदानासकट. पुतळ्यांपाशी कुणी थांबल्याचं दिसत नाही. जुन्याला कला म्हणायचं, नव्याला बांधकाम.

बोरीबंदर स्टेशनच्या वाट्याला निदान जे. जे. स्कूलचं नाव आलं. तिथले मोर, माकडं, पानंफुलं जे. जे.च्या विद्यार्थ्यांची, हे गाइडसुद्धा सांगतात. हायकोर्टावरच्या तराजू धरलेल्या एकाक्ष माकडाचीही एक गोष्ट आहे: कंत्राटदाराने दावा हरल्यावर न्यायदेवतेवर असा सूड उगवला म्हणे. मला ती गोष्ट रचलेली वाटते. पण मला कॅमेऱ्यासह बघून लोक विचारतात ते त्या माकडाबद्दलच, मुकुंद रामचंद्रांबद्दल कुणी नाही.

पोरबंदरच्या दगडाचा मऊपणा आता त्याच्याच मुळावर आला आहे. खारं वारं, पाऊस आणि गाड्यांचा धूर खाऊन कडा बोथट होतात. दशकभरापूर्वी टॉवरची मोठी डागडुजी झाली, ती आवश्यकच होती. पण उद्या एखादं नाक झडलं तर ते कसं होतं हे सांगायला जवळून काढलेला फोटोच लागेल. म्हणून प्रत्येक पुतळ्याचे मी निदान दोन तरी काढतो, वेगवेगळ्या उन्हात. दर्शनी बाजू मैदानातून जमते. बाकीच्या बाजूंसाठी विद्यापीठाच्या आवारात शिरायला हवं. त्याच्या परवानगीचा अर्ज टाकून ठेवला आहे.