सूर लावण्याचा हक्क

बोईसर-तारापूरच्या एखाद्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरात, संगणक आणि एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड मांडून अभंग, लग्नगीतं किंवा नाट्यपदं ध्वनिमुद्रित करता येतात. या घरगुती स्टुडिओसाठी पियानोचं सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली, की सगळी चर्चा एका गोष्टीभोवती फिरते: आवाज खऱ्या पियानोच्या किती जवळ जातो? कुठल्या कंपनीचा ग्रँड पियानो, किती मायक्रोफोन लावून, किती गीगाबाइटमध्ये उतरवला आहे? हे प्रश्न रास्त आहेत, पण आपल्या गाण्याच्या दृष्टीने दुय्यम आहेत. महाराष्ट्रातल्या पट्टीच्या वाद्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: या वाद्याचा सूर कुणी लावायचा? पेटी घरात आली तेव्हा हा हक्क वाजवणाऱ्याच्या हातून गेला. संगणकातल्या पियानोने तो परत देऊ केला आहे. तो घ्यायचा की पुन्हा सोडून द्यायचा, हे सॉफ्टवेअर निवडतानाच ठरतं.

पेटीचा जन्म पॅरिसचा. 1840च्या दशकाच्या आरंभी अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमला नाव आणि रूप दिलं. पायाने भाता मारायचं ते वाद्य 1870च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याचं केलं आणि ते भारतीय बैठकीत मांडी घालून बसलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाची लाट उठली. रात्ररात्र चालणारी नाटकं, गावोगावचे मुक्काम, दमट हवा, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची निकड; या साऱ्यात पितळी जिभल्यांचं, सहसा न उतरणारं वाद्य सारंगीपेक्षा सोयीचं ठरलं. 1911 मध्ये आलेल्या ‘संगीत मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते स्वतः नामांकित पेटीवादक होते. पुढे बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन आला आणि त्याचा भरदार सूर मराठी कानात कायमचा बसला. भजनी मंडळ असो, कीर्तन असो की गाण्याची शिकवणी, पेटीवाचून अडायला लागलं. या वाद्याने मराठी माणसाला घरोघरी गाणं दिलं, हे ऋण कुणी नाकारू नये.

पण त्या सोयीची किंमत सुरात मोजावी लागली. बाजारातली बहुतेक पेटी समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेली असते. सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपासून बरोबर 100 सेंटवर. षड्ज-मध्यम-पंचमाला याने फारसा धक्का लागत नाही. पंचम दोन सेंटनी उतरतो, एवढंच. गांधार मात्र वाकडा होतो. तंबोऱ्याच्या खरजातून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार 386 सेंटवर असतो आणि पेटीचा 400 वर. धैवत 884 ऐवजी 900, निषाद 1088 ऐवजी 1100. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचं उदाहरण घेऊ. त्यांच्या तंबोऱ्याच्या खरजातला गांधार सेकंदाला सुमारे 519 कंपनांचा, तर पेटीवर त्याच उंचीचा गांधार 523 चा. दोन्ही एकत्र धरले, की सेकंदाला चार वेळा सूर फुगतो आणि ओसरतो. तो आडवा येतो हे कळायला शास्त्र शिकावं लागत नाही.

हे बदलता का येत नव्हतं, याचं उत्तर पेटीच्या पोटात आहे. जिभली खिळ्याने पितळी पत्र्यावर बसवलेली असते. टोकाकडे कानस फिरवली की सूर चढतो, खिळ्याकडे खरवडलं की उतरतो. प्रत्येक घासणीत पितळ जातं आणि ते परत येत नाही. म्हणजे एका गायकाच्या षड्जाला नेमकी लावलेली पेटी दुसऱ्याच्या षड्जाला बेसूर ठरणार. भजनी मंडळात एकाची काळी एक, दुसऱ्याची काळी चार. सर्वांना एकच पेटी पुरायची, तर सगळी अंतरं सारखी ठेवण्यावाचून इलाज नव्हता. स्केलचेंजर पेटी, जिच्यात पट्ट्यांची ओळच जिभल्यांवर सरकते, ती याच तडजोडीवर उभी आहे. समान अंतराचे स्वर आपल्याकडे रुजले ते कुणी ते सरस मानले म्हणून नव्हे. एका वाद्यात अनेक षड्ज सांभाळायचे होते म्हणून.

या तडजोडीविरुद्ध पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांची, मापं काढून 1910 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. न्यायखात्यातले अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि जादा जिभल्यांची श्रुती-पेटी तयार करवून घेतली. 1916 मध्ये बडोद्याला संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी जाणकारांपुढे मांडली गेली आणि ती स्वीकारली गेली नाही. गायकांचे स्वर देवलांच्या मापांशी जुळेनात. पुढे दुसऱ्या टोकाचा उपाय झाला: लायनेल फील्डन प्रमुख असताना आकाशवाणीने मार्च 1940 पासून पेटीला बंदी केली आणि ती तीस वर्षं टिकली. एका उपायाने पितळात एकाच विद्वानाचे आकडे कायम केले, दुसऱ्याने वाद्यच हद्दपार केलं. गाणाऱ्याने आपला सूर सांगावा आणि पट्टीने तो ऐकावा, अशी वाट दोहोंत नव्हती.

हा वाद पुण्या-बडोद्याच्या बैठकींपुरता नव्हता, हे पालघर जिल्ह्यात जास्त स्पष्ट दिसतं. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांचा. इथलं मुख्य सुषिर वाद्य तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि जिभल्या, मेणाने बुजवलेले सांधे, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून श्वास न तोडता फुंकत राहतो, नाचणारे त्याच्याभोवती साखळी धरून फिरतात आणि चाल बदलली की पावलं बदलतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे वादक स्वतःचा तारपा स्वतः घडवतात. भोपळा वेगळा, बांबू वेगळा, म्हणून दोन तारप्यांचा सूर तंतोतंत एक नसतो, आणि कुठलाही तारपा बारा समान पट्ट्यांत बसत नाही. दुसरीकडे तारापूरला अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली, देशभरातून आलेली कुटुंबं बोईसरला स्थिरावली. भजन, नाट्यपद, तारपा, वारली लग्नात गाणाऱ्या धवलेरींची गाणी आणि परप्रांतांच्या चाली इथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. आता मांडवात तारप्याची चालही कीबोर्डवरून ऐकू येते. ती ऐकताना जाणवतं, की चाल वारल्यांची आहे आणि सूर कारखान्यातला.

खरा पियानो या किनाऱ्यावरच्या सामान्य घरात आला नाही, याला पैसा आणि जागा यांच्याइतकीच हवाही कारण आहे. सव्वादोनशेच्या आसपास तारा, पंधरा-वीस टन ताण, लाकडी ध्वनिफलक. पावसाळ्याच्या ओलाव्यात लाकूड फुगतं, खाऱ्या वाऱ्याने तार गंजते, आणि सूर लावणारा कारागीर शंभरेक किलोमीटरवरच्या मुंबईहून बोलवावा लागणार. ही कोंडी फोडली ती 1983 मध्ये ठरलेल्या ‘मिडी’ या संकेताने. पट्टी दाबली, की मिडी एवढंच कळवतं: पट्टी क्रमांक अमुक, जोर तमुक. सूर किती कंपनांचा, हे त्यात लिहिलेलं नसतं. ते ऐकणारं यंत्र ठरवतं. पेटीत पट्टी आणि जिभली जखडलेल्या होत्या, इथे पट्टी आणि सूर यांची फारकत झाली. 1992 मध्ये स्वरांची मापं कळवण्याचा वेगळा संकेतही मिडीत आला. 1998 च्या ‘गिगासॅम्पलर’ने हार्ड डिस्कवरून थेट वाचत मोठमोठे मुद्रित पियानो वाजवून दाखवले. 1999 पासून घरच्या संगणकातल्या ध्वनिमुद्रण प्रणालीत अशी वाद्यं जोडता येऊ लागली. 2006 मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरातून ‘पियानोटेक’ आला. त्यात मुद्रित आवाज नसून तार, हातोडी आणि ध्वनिफलक यांचं गणित असतं.

निवडीचा मुद्दा इथेच ठरतो. मुद्रित पियानोत प्रत्येक पट्टीचा आवाज समान अंतराच्या सुरात टिपलेला असतो. पेडल दाबून टिपलेल्या आवाजात शेजारच्या तारांची गुंजही त्याच जुन्या सुरातली असते. गांधार 14 सेंटनी उतरवला तर मुख्य आवाज उतरतो, पण कुठल्या तारा किती घुमायच्या हे जुन्या मापानेच ठरलेलं राहतं. गणिती पियानोत सूर बदलला की गुंज नव्याने मांडली जाते. म्हणून आपल्या कामासाठी मुद्रित आवाजाच्या श्रीमंतीपेक्षा स्वरमापांचा तक्ता स्वीकारणारा गणिती पियानो आधी पाहावा. अनेकदा स्वस्त आवृत्तीत ही सोय काढलेली असते. विकत घेण्याआधी चाचणी आवृत्तीत ती तपासावी. मांडणी अवघड नाही. आधी षड्ज ठरवावा, मग तक्त्यात रे 204, ग 386, म 498, प 702, ध 884, नी 1088 अशी सुरुवात करावी, आणि तंबोरा लावून एकेक पट्टी कानाने पुन्हा तपासावी. रागाने वेगळा धैवत मागितला तर वेगळा तक्ता जपून ठेवावा. सप्तकं किंचित ताणून लावण्याची पियानोची सवय बंद करावी. तारपा असेल तर आधी तो मुद्रित करावा, त्याचे स्वर मोजावेत आणि पियानो त्याला जुळवावा. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब आटोक्यात हवा. सेकंदाला 48,000 नमुने आणि 128 नमुन्यांचा बफर धरला तर बफरपुरता तो पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो.

यावर आक्षेप येतील. पहिला: दीडशे वर्षांत कान सरावले आहेत, 14 सेंट कुणाला कळतात? पण सराव झाला तो दुसरा पर्याय नसल्याने. आजही तालमीतला गुरू शिष्याला पेटी बाजूला ठेवून तंबोऱ्यावर गांधार लावायला सांगतो. हे अंतर कळत नसतं तर त्याची गरजच पडली नसती. दुसरा: श्रुती-पेटी फसली, मग हेही फसेल. श्रुती-पेटी फसली कारण तिने एकच मापन सगळ्या गायकांवर लादलं. तक्ता कुणाच्याही गळ्याप्रमाणे बदलतो, आणि चुकला तर पितळ वाया जात नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: पियानो हे स्वरमेळाचं वाद्य, मध्येच षड्ज बदलणाऱ्या गाण्यात समान अंतरच हवं, शिवाय मुंबईच्या स्टुडिओत गिटार आणि व्हायोलिन त्याच मापात येणार. हे खरं आहे. चित्रपटगीताच्या किंवा स्वरमेळाच्या कामाला समान अंतरच ठेवावं. इथे हट्ट एवढाच आहे, की ते ठेवण्याचा निर्णय कारखान्याने न करता संगीतकाराने गाणं पाहून करावा. चौथा: पट्टीवर मींड येत नाही, मग सूर शुद्ध करून काय साधलं? मींड येत नाही हे मान्य. पण साथीचं वाद्य ज्या स्वरावर थांबतं, गायकाचा न्यासही बहुतेक वेळा तिथेच असतो. तो जुळला तरी साथीचं अर्धं काम झालं.

अलेक्झांडर एलिस यांनी 1885 मध्ये देशोदेशींच्या वाद्यांची मापं घेऊन निष्कर्ष काढला होता, की निसर्गाने सर्वांसाठी घालून दिलेली एकच स्वरपंक्ती नाही. माणसांनी त्या वेगवेगळ्या घडवल्या आहेत. सेंट हे मापही त्यांनीच रूढ केलं. पालघरसारख्या जिल्ह्यात हे सिद्ध करायला प्रयोगशाळा नको. एका तालुक्यात तंबोरा, पेटी आणि तारपा ऐकले की पुरे. आजवर त्यांना एकत्र आणायचं तर सगळ्यांनी पट्टीकडे झुकायचं, हा नियम होता, आणि त्यात सर्वांत जास्त वाकवला गेला तो ज्याच्या हाती सर्वांत कमी साधनं होती त्याचा सूर. हा नियम यंत्राच्या मर्यादेतून आला होता आणि ती मर्यादा आता उरलेली नाही. बोईसरच्या घरगुती स्टुडिओने सॉफ्टवेअर घेताना स्वरमापांचा तक्ता मागितला आणि वापरला, तर देवलांना जे पितळात साधलं नाही ते इथे साधेल, आणि इथली गाणी इथल्याच सुरात पुढच्या पिढीच्या हाती जातील.