वेबच्या पायावर बांधलेला फोन

संगणकाचे दोन भाग सर्वांच्या परिचयाचे असतात. एक म्हणजे डोळ्यांना दिसणारे यंत्र. दुसरा म्हणजे त्या यंत्राकडून लिहिणे, मोजणे, चित्र दाखविणे अशी कामे करून घेणारे प्रोग्रॅम. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा कारभारी बसलेला असतो. त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यावयाची, पडदा कोणाच्या स्वाधीन करावयाचा, कोणास दाराबाहेरच थांबवावयाचे, हे सारे तो ठरवितो. त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. सरकारवाड्यातील फडणिसाच्या नोंदीवाचून जसा पैसा हलत नसे, तसे या कारभाऱ्याच्या अनुमतीवाचून संगणकातील पानही हलत नाही. साहजिकच, ज्याच्या हाती ऑपरेटिंग सिस्टिम, त्याच्या हाती त्या यंत्राची सारी सत्ता येते. ही सत्ता सर्वांसाठी खुली करावी, वेबची पाने रचणाऱ्या कोणाही कारागिराला फोनच्या अंतर्भागापर्यंत पोहोचता यावे, या हेतूने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक प्रयत्न झाला. त्या प्रयत्नाचे नाव फायरफॉक्स ओएस. त्याचे आयुष्य जेमतेम पाच वर्षांचे. परंतु त्याचा वारसा फार मोठ्या प्रमाणावर नांदला, आणि तोही भारतात.

या प्रयत्नाचे मर्म ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली वेब जगापुढे आले. पानाचा सांगाडा उभा करण्यासाठी एचटीएमएल, त्याचे रूप ठरविण्यासाठी सीएसएस आणि त्यात चलनवलन आणण्यासाठी जावास्क्रिप्ट, अशा तीन भाषा कालांतराने स्थिरावल्या. त्यांपैकी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत घडविली. या भाषांचा मोठा गुण असा, की त्यांत रचलेले पान कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर उघडते. पान प्रसिद्ध करण्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही, किंवा विक्रीतील हिस्सा कोणाला द्यावा लागत नाही. खेड्यातील शाळामास्तराने रचलेले पान आणि बलाढ्य कंपनीने रचलेले पान ब्राउझरच्या दृष्टीने सारखेच.

मोबाइल फोनाने ही समता मोडली. २००७ साली आयफोन बाजारात आला, तेव्हा बाहेरच्या कारागिरांनी आपले प्रोग्रॅम वेबच्या रूपानेच रचावेत, असे स्टीव्ह जॉब्झ यांनी प्रारंभी सुचविले होते. परंतु वर्षभरातच धोरण पालटले. जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर उघडले, आणि त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइडसाठी तसेच दुकान थाटले. आता प्रत्येक कंपनीच्या फोनासाठी निराळ्या भाषेत निराळा प्रोग्रॅम लिहिणे आले. तो दुकानात ठेवावा की नाही हे दुकानदार ठरविणार, आणि विक्रीतील तीस टक्के वाटा त्याचा. वाड्याला देवडी बसली, आणि देवडीवर पहारेकरीही बसला.

या देवडीला वळसा घालण्याचे प्रयत्न तेव्हापासूनच सुरू झाले. पाम कंपनीने जानेवारी २००९ मध्ये वेबओएस नावाची प्रणाली जाहीर केली. तिचे प्रोग्रॅम वेबच्याच भाषांत लिहिले जात. पुढे एचपीने पाम विकत घेतली, आणि ऑगस्ट २०११ मध्ये या प्रणालीवरील यंत्रांचे काम थांबविले. दुसरीकडे गूगलने जुलै २००९ मध्ये क्रोम ओएसची घोषणा केली, आणि २०११ च्या मध्यास तिच्यावर चालणारे क्रोमबुक विक्रीस आले. ब्राउझर हाच संगणक, ही कल्पना त्यामुळे रुळली. मात्र ती लॅपटॉपपुरती होती.

मोझिला ही ना-नफा तत्त्वावर उभी असलेली संस्था त्या वेळी वेगळ्याच चिंतेत होती. २००४ साली तिने फायरफॉक्स ब्राउझर काढून संगणकावरील मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरची मक्तेदारी ढिली केली होती. परंतु लोक आता संगणकापेक्षा फोनाकडे वळू लागले होते, आणि फोनावर ब्राउझर कोणता चालावा हेही फोनाचा मालकच ठरवीत होता. आयफोनवर तर बाहेरच्या कोणाचे ब्राउझर इंजिन चालविण्यास मुभाच नव्हती. ज्या घराचा कारभारी परका, त्या घरात पाहुण्याने किती दिवस राहावयाचे? अखेर २५ जुलै २०११ रोजी आंद्रेआस गाल आणि त्यांचे सहकारी यांनी 'बूट टु गेको' हा प्रकल्प जाहीर केला. गेको हे फायरफॉक्सच्या पोटातील इंजिनाचे नाव. फोन सुरू होताच थेट हे इंजिनच जागे व्हावे, आणि मध्ये दुसऱ्या कोणाचा कारभार असू नये, असा त्या नावाचा अर्थ. पुढे जुलै २०१२ मध्ये या प्रकल्पास फायरफॉक्स ओएस हे नाव मिळाले.

या प्रणालीची रचना तीन मजली होती. तळाशी गाँक. यात लिनक्सचा गाभा आणि यंत्राच्या भागांशी बोलणारा, अँड्रॉइडच्या खुल्या संहितेतून घेतलेला थर होता. यंत्रे बनविणाऱ्यांनी अँड्रॉइडसाठी तयार केलेली सामग्री त्यामुळे वापरता आली आणि पाया नव्याने खणावा लागला नाही. मधल्या मजल्यावर गेको. सर्वांत वर गाइया, म्हणजे वापरणाऱ्यास दिसणारे सारे रूप. खरे नावीन्य या वरच्या मजल्यात होते. क्रमांक फिरविण्याची चौकट, संदेशांची यादी, गजराचे घड्याळ, किंबहुना फोनाचे कुलूप उघडणारा पडदासुद्धा, एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले वेबचे पानच होते. ज्याला संकेतस्थळ रचता येते त्याला हा फोन वाचता येत होता आणि बदलताही येत होता. त्यासाठी संगणकावरील फायरफॉक्समध्येच या फोनाची प्रतिकृती चालविण्याची सोय केली गेली. हाती फोन नसलेल्या विद्यार्थ्यालाही आपला प्रोग्रॅम त्यावर पारखून पाहता येई.

परंतु वेबच्या पानाला बॅटरीत किती शक्ती उरली आहे हे ठाऊक नसते, आणि त्याला फोनही लावता येत नाही. ब्राउझरने पानाला यंत्रापासून दूर ठेवले होते ते सुरक्षिततेसाठीच. म्हणून मोझिलाने नवे दुवे आखले : बॅटरीची स्थिती सांगणारा, यंत्र थरथरविणारा, संदेश पाठविणारा, फोन लावणारा. हे दुवे सर्व कंपन्यांनी स्वीकारावेत म्हणून त्यांतील अनेक मानक म्हणून पुढे मांडले. येथेच एक पेच उभा राहिला. कोणतेही पान कोणालाही फोन लावू लागले तर अनर्थ ओढवेल. तेव्हा प्रोग्रॅमांच्या तीन पायऱ्या ठरल्या. साधे प्रोग्रॅम कोणीही रचावेत. अधिक अधिकार मागणाऱ्यांची तपासणी होऊन त्यांवर मोझिलाच्या दुकानाची डिजिटल मोहोर उमटावी. आणि फोन लावणे, संदेश पाठविणे असे नाजूक अधिकार केवळ फोनासोबत येणाऱ्या प्रोग्रॅमांनाच असावेत. देवडी काढून टाकण्यासाठी निघालेल्यांना अखेर एक देवडी स्वतःच बांधावी लागली. हा दोष त्यांच्या हेतूचा नव्हे. मुक्त प्रवेश आणि सुरक्षितता यांचा हा जुनाच झगडा आहे, आणि त्यातून कोणतीही प्रणाली सुटलेली नाही.

दुसरी कसोटी हलकेपणाची होती. श्रीमंत देशांत दोन मोठ्या कंपन्यांशी सामना अशक्य. म्हणून पहिला स्मार्टफोन घेणाऱ्या गरीब ग्राहकाकडे या प्रणालीने मोर्चा वळविला. जुलै २०१३ मध्ये टेलिफोनिका कंपनीने स्पेनमध्ये झेडटीई ओपन हा फोन ६९ युरोंना विक्रीस आणला. त्यात २५६ मेगाबाइट मेमरी होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये बार्सिलोना येथील मेळाव्यात मोझिलाने स्प्रेडट्रम या चिप बनविणाऱ्या कंपनीसह २५ डॉलरच्या फोनाची योजना मांडली. त्यासाठी प्रणाली १२८ मेगाबाइटांत बसविणे भाग होते. हे काम साधे नव्हते, कारण ब्राउझरचे इंजिन मुळातच खादाड असते. अभियंत्यांनी मेमरीतील मजकूर आवळून ठेवण्याची युक्ती योजिली. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी इंजिनाची नवी प्रत उभी करण्याऐवजी एक साचा तयार ठेवून त्यातूनच प्रती काढण्याची पद्धतही बसविली. मातीच्या बाहुल्यांतून माणसे घडविणाऱ्या नुवा या चिनी देवतेचे नाव या साच्याला मिळाले.

या खटाटोपाचे फळ प्रथम भारताच्या बाजारात दिसले. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस इंटेक्स कंपनीचा क्लाउड एफएक्स हा फोन १,९९९ रुपयांना, आणि पाठोपाठ स्पाइस कंपनीचा फोन २,२९९ रुपयांना विक्रीस आला. स्पर्शाने चालणारा पडदा असलेला स्मार्टफोन इतक्या स्वस्तात मिळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. परंतु क्लाउड एफएक्सवर थ्री-जी नव्हते. ज्या फोनाचा आत्माच वेब, त्याला वेबकडे जाणारी वाट अरुंद मिळाली. दोन प्रोग्रॅम एकदम उघडले तर एकाला मेमरीबाहेर जावे लागे. शिवाय भारतीय ग्राहकाला जे सर्वांआधी हवे होते ते व्हॉट्सअ‍ॅप या प्रणालीसाठी अधिकृतपणे आलेच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने भारतातच ६,३९९ रुपयांपासून अँड्रॉइड वनचे फोन आणले, आणि इतर अँड्रॉइड फोनांच्या किमतीही झपाट्याने उतरत होत्या. थोडे अधिक पैसे टाकले की सारे जग मिळते, तर १,९९९ रुपयांत तत्त्व कोण विकत घेणार?

या अपयशाचे मूळ येथे सापडते. वेबची भाषा सर्वांची, म्हणून सर्वांचे प्रोग्रॅम आपोआप आपल्याकडे येतील, अशी मोझिलाची अटकळ होती. परंतु प्रोग्रॅम रचणारा कारागीर भाषेच्या मागे जात नाही. तो ग्राहकांच्या मागे जातो. ग्राहक प्रोग्रॅमांची वाट पाहत होते, आणि कारागीर ग्राहकांची. २०१५ साली मोझिलाने २५ डॉलरचा आग्रह सोडून गुणवत्तेकडे वळण्याचा प्रयत्न केला. पण वेळ टळली होती. वापरणाऱ्यांना सर्वोत्तम अनुभव देता आला नाही, अशी कबुली देऊन डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने दूरध्वनी कंपन्यांमार्फत फोन विकण्याचे थांबविले. २०१६ साली उरलेला विकासही बंद झाला.

कथा येथेच संपली असती, पण या प्रणालीची संहिता खुली होती. ती कोणालाही उचलता येत होती. तिच्यातून कायओएस ही नवी प्रणाली निघाली. तिने स्पर्शाचा पडदा सोडून बटणांचा साधा फोन निवडला. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर तो देऊ करण्यात आला. त्यात ५१२ मेगाबाइट मेमरी होती, आणि मुख्य म्हणजे फोर-जीची रुंद वाट होती. याच फोनात कायओएस चालत होती. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपही त्यावर आले. २०२० पर्यंत दहा कोटींहून अधिक जिओफोन विकले गेल्याचे कंपनीने सांगितले. ज्या ग्राहकासाठी मोझिलाने १२८ मेगाबाइटांशी झुंज घेतली होती, त्याच्या हाती वेबच्या पायावर बांधलेला फोन अखेर पडला. त्याच्या पोटात फायरफॉक्सचेच इंजिन फिरत होते. हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या विजयात एक उणेपणही आहे, आणि इतिहासाने ते झाकू नये. संहिता जगली; परंतु या फोनावर कोणते प्रोग्रॅम यावेत हे पुन्हा दुकानदारच ठरवू लागला. कारागिराला मुक्तद्वार मिळावे, हा मूळ हेतू मागे पडला. आखलेल्या दुव्यांचे दैवही असेच संमिश्र ठरले. बॅटरीची स्थिती सांगणाऱ्या दुव्याचा उपयोग माणसांचा माग काढण्यासाठी होऊ शकतो, असे संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, आणि २०१७ साली फायरफॉक्सनेच तो पानांसाठी बंद केला. याउलट, वेबचे पान फोनावर प्रोग्रॅमसारखे बसवावे, जाळे तुटले तरी ते चालावे, ही कल्पना सर्व प्रमुख ब्राउझरांत कमीअधिक प्रमाणात रुजली.

हलकी प्रणाली घडविणे हे अभियंत्यांचे काम होते, आणि ते त्यांनी पार पाडले. पण फोनाला लागणारी वाट आणि त्यावर बोलणारे सोबती त्या प्रणालीत घडविता येत नव्हते. ते बाहेरून यावे लागले. ते आले तेव्हा फायरफॉक्सचे नाव फोनावर उरले नव्हते. नाव गमावून काम टिकणे हे खुल्या संहितेच्या वाट्याला वारंवार येणारे दैव आहे. आणि ज्यांनी ती खुली ठेवली, त्यांनी ते आधीच पत्करलेले असते.