एका गुणपत्रकाने गेलेली खुर्ची

गुदैबियात राहणाऱ्या तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तेव्हा बारावीचं मूल होतं, त्यांना ५ मे २०२४ हा दिवस आठवत असेल. भारतात दुपारचे दोन वाजले, बहारीनमध्ये साडेअकरा, आणि मनामाच्या केंद्रावर नीटचा पेपर सुरू झाला. त्यानंतर पेपरफुटीच्या बातम्यांनी मुलांचे अडीच महिने खाल्ले. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट फेरपरीक्षा नाकारली. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचं मात्र मान्य केलं.

चौकशीत लातूरचंही नाव आलं, तिथल्या दोन शिक्षकांवर गुन्हा नोंदला गेला. आता याच लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याची एक जुनी गोष्ट ऐका.

निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांची कन्या मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेला बसली होती. तिला उत्तीर्ण करण्यासाठी गुणांत फेरफार झाला, अशी तक्रार घेऊन त्याच परीक्षेला बसलेला एक डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने फेरफार झाल्याचं मानलं, मुख्यमंत्र्यांवर ठपका ठेवला, आणि मार्च १९८६मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. पुढे अपिलात त्यांच्या थेट सहभागाचा पुरावा नसल्याचं ठरलं. तरी प्रतिकूल शेरे डिसेंबर १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुसले नाहीत.

एका विद्यार्थिनीचे गुण, आणि राज्याची सर्वोच्च खुर्ची रिकामी!

नंतर हिशेब उलटा झाला. नोव्हेंबर २००३मध्ये व्यवस्थापन प्रवेशाची कॅट परीक्षा पेपर फुटल्यामुळे रद्द झाली. फेब्रुवारी २००४मध्ये लाखाहून अधिक उमेदवार पुन्हा बसले. २०२४च्या जूनमध्ये डॉक्टरांची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. दूरच्या केंद्रांवर पोहोचलेले डॉक्टर तसेच परतले. परीक्षा यंत्रणेचे महासंचालक बदलले, मंत्रिपद कुणाचंच गेलं नाही.

२१ जून २०२४पासून नवा केंद्रीय कायदा लागू आहे. संघटित पेपरफुटीला पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड. कायदा कडक आहे, पण तो पेपर फोडणाऱ्यापर्यंत पोहोचतो. १९८६मध्ये प्रश्न त्याच्याही वर विचारला गेला होता: हे कुणाच्या राज्यात घडलं? मुलांना परदेशातून या परीक्षांना बसवणाऱ्या आपणही तोच प्रश्न विचारायला हवा.